भाऊ कोठडीत आहे आणि त्याचा आजार कोर्टाला माहीत नाही

वाचकाचं पत्र

माझा धाकटा भाऊ ३१ वर्षांचा आहे. आयटीआय करून एमआयडीसीत फिटर म्हणून लागला होता. सहा वर्षांपूर्वी त्याला स्किझोफ्रेनिया असल्याचं निदान झालं. सरकारी दवाखान्याच्या गोळ्यांवर तो चांगला राहायचा. गेल्या पावसाळ्यात गोळ्या सुटल्या. त्यानंतर एका सकाळी सार्वजनिक नळावर त्याने शेजारच्या काकांना लोखंडी पाइपने मारलं. काका पाण्यात विष कालवतात, असं तो आठवडाभर म्हणत होता. काकांचा हात मोडला, डोक्याला टाके पडले. मारून झाल्यावर पोलीस येईपर्यंत भाऊ तिथेच पायरीवर बसून राहिला. आता तो न्यायालयीन कोठडीत आहे. मुलाखतीला गेले तेव्हा माझ्याकडे न बघता पुटपुटत होता, अंगावर तेच कपडे होते. गोळ्या मिळतात का, हे कोणी धड सांगत नाही. आई म्हणते, आजाराचं कोर्टात काढू नका, धाकटीचं लग्न जमतंय. वकील म्हणतात, गुन्हा कबूल करून टाका, थोडक्यात सुटेल. भावकीतले म्हणतात, एकदा वेडा ठरला की जन्मभर येरवड्याला. मी काय करू?
– एक बहीण, पश्चिम महाराष्ट्र

ताई,

तुम्हाला तीन जणांनी तीन सल्ले दिले आणि तिघांचंही म्हणणं शेवटी एकच, की आजाराबद्दल बोलू नका. मी नेमकं उलट सांगणार आहे. भावाचा आजार कोर्टाच्या कागदावर आला पाहिजे आणि तो याच आठवड्यात आला पाहिजे. का, ते पुढे सविस्तर लिहिते. त्याआधी गोळ्यांचं बघू, कारण ते पुढच्या तारखेपर्यंत थांबवून चालणार नाही.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याचं कलम १०३ खास कारागृहातल्या बंद्यांसाठी आहे. आजारी बंद्याला कारागृहाच्या दवाखान्यातल्या मनोविकार विभागात ठेवावं, तशी सोय नसेल तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाच्या परवानगीने बाहेरच्या मानसिक आरोग्य संस्थेत हलवावं, असं त्यात आहे. कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तीन महिन्यांनी या मंडळाला अहवालही पाठवायचा असतो. जिल्हा कारागृहात मनोविकारतज्ज्ञ रोज बसत नसेल, तर बंद्याला पोलीस बंदोबस्तात सरकारी रुग्णालयात न्यायचं असतं. तिथे बहुतेक वेळा घोडं अडतं ते ‘गार्ड मिळाली नाही’ या कारणावर. म्हणून तोंडी विनंती करत बसू नका. लेखी अर्ज द्या.

अर्ज साधाच लिहायचा. वर ‘मा. अधीक्षक’ आणि कारागृहाचं नाव, विषयात ‘न्यायाधीन बंदी अमुक यांना मानसिक आजारावरील उपचार तातडीने मिळणेबाबत’. खाली चार वाक्यं पुरतात: माझ्या भावाला अमुक सालापासून स्किझोफ्रेनिया आहे, अमुक रुग्णालयात त्याच्यावर उपचार सुरू होते, औषधांची नावं आणि मात्रा सोबतच्या केस पेपरवर आहेत, मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १०३ नुसार मनोविकारतज्ज्ञाकडून तपासणी करून उपचार सुरू करावेत. त्याने कधी मरणाच्या गोष्टी केल्या असतील, स्वतःला इजा करून घेतली असेल, तर ते वाक्य ठळक लिहा. तुरुंगातले पहिले काही आठवडे अशा माणसासाठी फार धोक्याचे असतात, आणि लेखी कळवलेलं असलं की अधीक्षकांना लक्ष ठेवावंच लागतं. एक प्रत अधीक्षकांना, एक कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना, आणि तिसरीवर पोच घ्यायची: आवक क्रमांक, तारीख, शिक्का. पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.

एक काळजी घ्या. घरातल्या उरलेल्या गोळ्या शिपायाच्या हातात देऊन ‘त्याला द्या’ असं म्हणू नका. मध्ये खंड पडलेला आहे. या आजाराची काही औषधं, उदाहरणार्थ क्लोझापिन, खंड पडल्यावर पूर्वीच्याच मात्रेत एकदम सुरू करता येत नाहीत, पुन्हा थोड्यापासून वाढवत न्यावी लागतात. तुम्ही चिठ्ठी द्या, मात्रा डॉक्टर ठरवतील.

आता वकील म्हणतात त्या कबुलीकडे येते. कृपा करून हे होऊ देऊ नका. जो माणूस आज बहिणीकडे बघत नाही, त्याला न्यायाधीशांनी ‘गुन्हा कबूल आहे का’ म्हणून विचारलं तर तो कशाला हो म्हणतोय हे त्याला कळणार आहे का? शिवाय ‘थोडक्यात सुटेल’ हे कशाच्या भरवशावर? एफआयआरची प्रत काढा, महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर मिळते, आणि त्यातली कलमं वाचा. हाड मोडलं की कायद्याने ती गंभीर दुखापत होते. ती घातक हत्याराने केली असं धरलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ११८(२) लागतं. त्यात कमीत कमी १ वर्ष, जास्तीत जास्त १० वर्षं किंवा थेट जन्मठेप आहे. कबुलीनंतर हा शिक्का कायमचा बसेल आणि आजार कुठल्याच कागदावर नसेल. बाहेर आल्यावर ना नोकरी, ना उपचार, आणि पुढच्या वेळी पोलीस त्याला सराईत म्हणूनच बघतील.

कायद्यात आजाराबद्दलचे तीन प्रश्न वेगवेगळे आहेत आणि गावात, कधीकधी वकिलांच्या टेबलावरही, त्यांची सरमिसळ होते. तुमच्या भावकीची भीती त्या सरमिसळीतूनच आलेली आहे. पहिला प्रश्न, आज त्याला उपचारांची गरज आहे का? तो कलम १०३ चा, वर लिहिला. दुसरा, आज त्याला खटला समजतो आहे का, वकिलाला आपली बाजू सांगता येते आहे का? आणि तिसरा, नळावर पाइप उचलला त्या क्षणी त्याच्या मनाची स्थिती काय होती? पहिल्याचं उत्तर ‘हो’ आलं म्हणून तिसऱ्याचं आपोआप ‘सुटला’ असं येत नाही. आणि तिसऱ्याचं उत्तर काहीही येवो, पहिल्या दोन प्रश्नांवरचे त्याचे हक्क आजपासून लागू आहेत.

दुसऱ्या प्रश्नासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे १ जुलै २०२४ पासून सीआरपीसीच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) जागी आलेल्या कायद्यात, कलम ३६७ ते ३७८ असं एक अख्खं प्रकरण आहे. चौकशी सुरू असताना आरोपी मनोविकल आहे आणि आपला बचाव करू शकत नाही असं दंडाधिकाऱ्यांना वाटलं, तर त्यांना त्याची तपासणी जिल्हा शल्यचिकित्सकांकडून करून घ्यावी लागते. तिथून मनोविकारतज्ज्ञाकडे किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे पाठवलं जातं. तो अहवाल पटला नाही तर त्यावर वैद्यकीय मंडळाकडे जाता येतं. बचाव करण्याच्या स्थितीत तो नाही असं ठरलं, तर दंडाधिकारी त्याला काही न विचारता त्याच्या वकिलाचं ऐकून कागद तपासतात. प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल तर खटला तिथेच संपतो. दिसत असेल तर उपचारांना लागेल तेवढ्या काळासाठी खटला पुढे ढकलला जातो.

पण यातलं काहीही ‘दंडाधिकाऱ्यांना वाटलं तर’ या शब्दांपासून सुरू होतं, आणि त्यांना वाटणार कसं? रिमांडच्या तारखेला आता बरेच बंदी व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर, हजर केले जातात. पडद्यावर कारागृहातल्या खोलीत ओळीने उभे केलेले लोक, एकाचं नाव पुकारलं जातं, तो पुढे येतो, पुढची तारीख सांगितली जाते आणि दुसरा येतो. त्या अर्ध्या मिनिटात पुटपुटणारा माणूस आणि घाबरलेला माणूस सारखेच दिसतात. म्हणून वकिलाकडून लेखी अर्ज द्या, आजाराचे कागद जोडा, आणि भावाला पुढच्या तारखेला प्रत्यक्ष हजर करावं अशी मागणी त्याच अर्जात करा.

जामिनाचं कलम ३६९ तर तुमच्या वकिलांनी अधोरेखित करून वाचावं असं आहे. आजारामुळे बचाव करता येत नाही असं ठरलेल्या आरोपीला, गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, कोर्टाने जामिनावर सोडायचं आहे. अट अशी, की त्याला दाखल करून घेण्याची गरज नसावी, आणि नातेवाइकाने किंवा मित्राने दोन गोष्टींची हमी द्यावी: जवळच्या ठिकाणी नियमित बाह्यरुग्ण उपचार करून घेऊ, आणि त्याला स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करू देणार नाही. ही हमी तुम्ही देऊ शकता. जामीन देण्यासारखी स्थिती नसेल, तर नियमित मानसोपचार मिळतील अशा ठिकाणी त्याला ठेवण्याचा आदेश कोर्टाने द्यायचा. उपचारांशिवाय नुसतं बराकीत पडू द्यायचं, हा पर्याय कायद्याने ठेवलेलाच नाही.

हे प्रकरण सुरू व्हायला वेळ लागतो. तोवर साध्या जामिनाचा अर्जही करा. याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८० मध्ये आजारी किंवा अशक्त व्यक्तीसाठी सवलत आहे, तिचा आधार घ्या. आणि दोषारोपपत्राच्या मुदतीवर लक्ष ठेवा. गुन्ह्याच्या स्वरूपानुसार ६० किंवा ९० दिवसांत ते दाखल झालं नाही तर जामीन हक्काने मागता येतो. कलम ११८(२) असेल तर ९० दिवस धरा. पण मागावा लागतो. दोषारोपपत्र त्याआधी आलं तर तो हक्क गेला. पहिल्या रिमांडची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड, आणि यात मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ८४ आता भारतीय न्याय संहितेचं कलम २२ झालं आहे, आशय तोच. कृत्य करतेवेळी मनोविकलतेमुळे आपण काय करतो आहोत हे, किंवा ते चूक अगर बेकायदा आहे हे कळण्यास जो असमर्थ असतो, त्याचं ते कृत्य गुन्हा ठरत नाही. स्किझोफ्रेनियाचं निदान आहे एवढ्याने हे सिद्ध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलं आहे. त्या क्षणाची स्थिती दाखवावी लागते, आणि ती दाखवण्याचा भार आरोपीवर असतो. दिलासा एवढाच, की सरकारी पक्षाला गुन्हा निःसंशय सिद्ध करावा लागतो, तुम्हाला मात्र ‘तसं असण्याची शक्यता अधिक आहे’ इथवर पोचलं तरी पुरतं. हे तत्त्व १९६४ च्या गुजरातमधल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलं, आजही तेच चालतं.

त्या क्षणाचा साक्षीदार सहसा मिळत नाही. म्हणून कोर्ट आधीचं आणि नंतरचं बघतं. महाराष्ट्रातल्याच एका पोलीस शिपायाचा खटला वकिलांना माहीत असतो. १९९४ मध्ये त्याने घरात बायकोला दगडी वरवंट्याने मारलं, ती गेली. सत्र न्यायालय आणि उच्च न्यायालय दोन्हीकडे तो दोषी ठरला. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला याच कलमाखाली निर्दोष ठरवलं. त्यांनी काय पाहिलं? वडिलांना मानसिक आजार होता. घटनेआधी त्याच्यावर पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचे उपचार झालेले होते. अटकेनंतरही त्याला पुन्हापुन्हा उपचारांसाठी न्यावं लागलं. खुनासारखं टोक गाठावं असा हेतू दिसत नव्हता. आणि दिवसाढवळ्या हे करून तो पळाला नाही, लपला नाही.

आता तुमच्या पत्रातलं वाक्य परत वाचा: ‘पोलीस येईपर्यंत भाऊ तिथेच पायरीवर बसून राहिला.’ तुम्ही ते सहज लिहून गेलात. वकिलासाठी ते सोन्यासारखं आहे. नळावर पाणी भरणाऱ्या कोणी ते पाहिलं असेल, त्यांची नावं लिहून ठेवा. विषाचं बोलणं त्याने कोणाकोणाशी केलं, कोणत्या दिवशी केलं? त्या आठवड्यात तुम्ही मावशीला किंवा बहिणीला ‘याचं पुन्हा सुरू झालंय’ असा व्हॉट्सॲपवर निरोप पाठवला असेल, तर तो पुसू नका आणि फोन बदलू नका. सहा वर्षांचे केस पेपर तारखेप्रमाणे लावा. ओपीडीचा तो मऊ पडलेला, घड्यांवर फाटलेला कागदही चालतो, कारण त्यावर तारीख, औषध आणि डॉक्टरची सही असते. शेवटची गोळी कधी घेतली, हे त्या कागदांवरून आणि औषधाच्या पावत्यांवरून निघतं. कागद हरवले असतील तर रुग्णालयाकडे मागा; रुग्णाला आपले वैद्यकीय कागद मिळण्याचा हक्क मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २५ मध्ये आहे. अटक झाल्यावर त्याची वैद्यकीय तपासणी झाली असणार, तिच्या अहवालाची प्रतही आरोपीला किंवा त्याने सांगितलेल्या माणसाला मिळायची असते. ती मिळवा. त्यात ‘बोलणं असंबद्ध’ असा एखादा शेरा असला तरी मोठं काम होतं. आणि तिथे काही नोंद नसेल, तर आजची तपासणी लवकर होणं आणखी गरजेचं. घटनेनंतर जेवढा उशीर, तेवढं ‘हे आता सुचलेलं सोंग आहे’ म्हणायला सरकारी वकिलांना सोपं. आजाराचा पुरावा दिला आणि समोरच्या पक्षाने त्यावर हरकत घेतली, तर कोर्टाने तो प्रश्न पुनर्विलोकन मंडळाकडे छाननीला पाठवायचा असतो. म्हणजे सोंग असल्याचा नुसता आरोप करून विषय संपत नाही.

कोणी मागच्या तारखेचं सर्टिफिकेट काढून देतो म्हणालं, तर त्याला दारातूनच परत पाठवा. तुमचे खरे कागद भक्कम आहेत. एक खोटा कागद आत आला की खऱ्या कागदांवरचाही कोर्टाचा विश्वास उडतो.

आता जन्मभर येरवड्याची भीती. लोक हे उगाच बोलत नाहीत. आसाममध्ये मचल लालुंग नावाच्या माणसाला १९५१ मध्ये अटक झाली, तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. तेजपूरच्या मनोरुग्णालयात त्याला ठेवलं. १९६७ मध्ये डॉक्टरांनी तो ठीक असल्याचं लिहून दिलं. त्याला घरी पाठवायच्या ऐवजी गुवाहाटीच्या तुरुंगात नेलं, आणि खटला न चालताच २००५ पर्यंत तो आत राहिला. ५४ वर्षं. एका रुपयाच्या जातमुचलक्यावर सुटला. तेव्हा बिहारमध्ये असलेल्या हजारीबागच्या कारागृहातही असेच लोक सापडले होते, वेडे म्हणून ठेवलेले, पुढे बरे झालेले आणि तरी वर्षानुवर्षं आतच. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडायला लावलं. कोणताही गुन्हा नसताना केवळ मनोरुग्ण म्हणून तुरुंगात डांबलेल्या लोकांचा प्रश्न मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी न्यायालयात नेला. असं डांबणं बेकायदा आणि घटनाबाह्य आहे, असा निकाल १९९३ मध्ये पश्चिम बंगालच्या प्रकरणात लागला. आज २०१७ च्या कायद्याचं कलम १०० तेच सांगतं: मानसिक आजारामुळे पोलिसांनी संरक्षणात घेतलेल्या माणसाला कोणत्याही परिस्थितीत लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवायचं नाही, २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं. तुमच्या भावाने विषाचं बोलायला सुरुवात केली, त्या आठवड्यात कोणी पोलीस ठाण्याला हे कलम दाखवलं असतं तर कदाचित आज काकांचा हात शाबूत असता. हे तुम्हाला टोचावं म्हणून लिहीत नाही. ज्यांच्या घरी असाच आठवडा सध्या चालू आहे, त्यांनी हे वाचावं म्हणून लिहिते.

या जुन्या प्रकरणांत एक गोष्ट सारखी दिसते: त्या माणसांचा कागद कोणी हलवत नव्हतं. आजार कोर्टासमोर आला म्हणून ते अडकले नाहीत. खटला पुढे ढकलला गेला आणि नंतर विचारायला कोणी आलं नाही, म्हणून अडकले. तुमच्या भावाला तुम्ही आहात. खटला तहकूब झाला तर तहकुबीचा आदेश किती दिवसांचा आहे, पुढचा वैद्यकीय अहवाल कधी येणार आहे, हे प्रत्येक तारखेला वकिलामार्फत विचारायचं. तो बरा झाला की खटला पुन्हा सुरू करायचा असतो, आणि ते आपल्याच हिताचं असतं.

समजा, शेवटी कलम २२ खाली तो निर्दोष सुटला. तेव्हाही त्याच संध्याकाळी घरी येईल असं नाही. त्याने ते कृत्य केलं की नाही, हे निकालात स्पष्ट लिहावं लागतं. केलं असं आढळलं तर कोर्ट त्याला योग्य अशा सुरक्षित ठिकाणी ठेवण्याचा आदेश देतं, किंवा नातेवाइकाने अर्ज करून सांभाळण्याची जामीनकी दिली तर त्याच्या ताब्यात देतं. म्हणजे इथेही प्रश्न येतो तो तुमच्या अर्जाचा. आणि रुग्णालयात राहावं लागलंच, तर राज्यात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं आजच्या कायद्याखाली चालतात. तिथे साखळीने बांधणं साफ बंद आहे आणि दाखल राहण्याविरुद्ध मंडळाकडे दाद मागता येते. तामिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी साखळ्यांनी बांधलेले २८ रुग्ण आगीत जळून मेले. त्यानंतर या देशाला थोडीफार जाग आली.

वकिलांबद्दल. ते वाईट आहेत असं मी म्हणत नाही, या कलमांशी त्यांचा फारसा संबंध आला नसावा. त्यांना हे दाखवा. तरी ते कबुलीवरच अडून राहिले, तर बदला. कोठडीत असलेल्या कोणालाही, घरचं उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं आणि लोकअभिरक्षकांचं, म्हणजे आरोपींचा मोफत बचाव करणाऱ्या वकिलांचं, कार्यालय असतं, तिथे कागद घेऊन जा. फोनवर विचारायचं तर १५१००. मानसिक आजार असलेल्या माणसाला हा हक्क आहे हे त्याला सांगणं, ही पोलीस, दंडाधिकारी आणि कारागृह अशा सगळ्यांची जबाबदारी २०१७ च्या कायद्याने ठरवली आहे. ते तुम्हाला कोणी सांगितलं नसेल, तर तेही अर्जात नोंदवा.

काकांकडे कोणी गेलं का? पत्रात ते लिहिलेलं नाही. त्यांचा हात प्लास्टरमध्ये आहे, नळावर जायची त्यांना भीती वाटत असेल, आणि तुमच्या घराकडे बघताना मनात राग असेल तर तो रास्त आहे. घरातल्या मोठ्यांपैकी कोणीतरी जाऊन माफी मागावी, औषधपाण्याचा खर्च विचारावा. केस मागे घ्या, जबाब बदला, असं चुकूनही बोलू नये. ते साक्षीदारावर दडपण आणणं होतं आणि त्याने जामीन जाऊ शकतो. भाऊ उद्या जामिनावर सुटला तर त्याच गल्लीत येणार आहे. काकांना सुरक्षित वाटलं पाहिजे, आणि कोर्टालाही तेच हवं असतं. काही महिने तो मामाकडे किंवा दुसऱ्या गावी राहून उपचार घेणार असेल, तर तसं जामीन अर्जात लिहा. अर्जाला वजन येतं.

आईंना काय सांगायचं, हे सर्वांत कठीण आहे याची मला कल्पना आहे. गल्लीने सगळं पाहिलंय, त्यामुळे लपण्यासारखं आता फार उरलेलं नाही. जे लोक उद्या लग्नाची बोलणी करायला येतील, त्यांना ‘मारामारीत दोषी ठरून शिक्षा झालेला भाऊ’ आणि ‘आजारी होता, आता उपचार घेतोय असा भाऊ’ यांतला एक ऐकायला मिळणार आहे. दुसरं खरं आहे. धाकटीलाही विचारा, तिला काय हवं आहे. भावाच्या तुरुंगवासावर उभं राहिलेलं लग्न तिला नको असेल कदाचित. आणि तुम्ही तिघी हे सगळं एकट्याने ओढू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक घरच्यांसाठीही आहे, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. आईंना रात्री झोप लागत नसेल तर त्यांना लावून द्या.

उद्या सकाळी केस पेपरच्या झेरॉक्स काढा, पाच संच तरी. कारागृह अधीक्षक आणि वैद्यकीय अधिकारी यांचे दोन, कोर्टाचा एक, वकिलाचा एक, आणि एक घरी. मूळ कागद कोणाच्याही हातात देऊ नका, कोर्टाने मागितले तरच वकिलासमोर दाखवा. दुपारी लोकअभिरक्षकांकडे जा. पुढच्या तारखेला कोर्ट जो आदेश लिहील त्याची प्रत काढून मला पाठवा, आणि ती पाठवताना आतली नावं खोडा.